वाकडी रेघ

नवा पडदा भिंतीवर लागून तास-दीड तास झाला असेल. 'ड्यून'चा दुसरा भाग सुरू होता. नारिंगी उजेडातली ती पहिली लढाई संपत आली होती, आणि सोफ्यावरून बाबांचा आवाज आला, "थांबव जरा. खालची पट्टी वाकलीय."

आमच्या बाबांना जे ओळखत नाहीत त्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही. बाबा सरकारी खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं हे त्यांचं जग. कॉम्प्युटरवर नकाशे निघू लागले तरी निवृत्तीपर्यंत त्यांच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड होता. रेघ सरळ आहे की नाही हे सांगायला त्यांना पट्टी लागत नसे. लग्नाच्या मांडवात उभे राहून ते डावा डोळा मिटायचे, उजव्याने खांबाकडे बघायचे आणि मांडववाल्याला म्हणायचे, "भिया, दो सूत बाहर है." ओळंबा लावला की खरोखर दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर निघायचा. रामबागेतल्या आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा गवंडी त्यांना घाबरून असत. त्यामुळे बाबा पट्टी वाकलीय म्हणाले म्हणजे ती वाकलेली असणार, यात घरात कुणालाही शंका नव्हती. मलाही नव्हती.

या पडद्यामागे थोडा इतिहास आहे. मला मोठे, पसरट, अवकाशातले सिनेमे आवडतात आणि ती आवड बाबांनीच लावली. १९९४ साली 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तिकीट ब्लॅकमध्ये घ्यायला आईचा विरोध होता, बाबांचाही तत्त्वतः होता, पण त्या दिवशी त्यांनी घेतलं. डायनासोर यायच्या आधी पेल्यातल्या पाण्यावर गोल तरंग उठतात, तो प्रसंग आठवत असेल. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं आणि बाबा माझ्या कानात म्हणाले, "बघ, कंपासने काढल्यासारखे आहेत." पुढे त्यांनीच मला जयंत नारळीकरांच्या कथा आणून दिल्या. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती आणि त्या नावाची आद्याक्षरं त्यांच्याच नावाची उलटी आहेत, हा किस्सा बाबा आजही दर वेळी नव्याने सांगतात.

२०२१ मध्ये थिएटरं बंद होती तेव्हा मी एक साधा प्रोजेक्टर घेतला आणि त्याबरोबर वरून खाली ओढायचा चौऱ्याऐंशी इंची पडदा. चार हजाराला मिळाला. गुंडाळायचा, सोडायचा. आईला तो फार पसंत होता कारण सिनेमा संपला की तो गायब व्हायचा आणि भिंतीवर परत घड्याळ आणि कालनिर्णय दिसायचं.

असल्या स्वस्त, गुंडाळायच्या पडद्यांचा दोष असा की ते फार काळ सपाट राहत नाहीत. कापडामागे प्लास्टिकचा थर असतो, तो रोज रोज गुंडाळून आणि इंदूरच्या मे महिन्यात तापून हळूहळू ताण सोडतो. मग दोन्ही कडांकडून आत येणाऱ्या लाटा उठतात. चित्र स्थिर असेल तर त्या लक्षातही येत नाहीत. अवकाशातला काळोख असेल तरी येत नाहीत. पण कॅमेरा वाळवंटावरून सरकू लागला की क्षितिज पाण्यात पडल्यासारखं हलतं. 'ड्यून'चा पहिला भाग आम्ही त्या पडद्यावर पाहिला तेव्हा बाबा दहाव्या मिनिटाला म्हणाले होते, "वाळवंटात समुद्र कुठून आला?" ते बरोबर होते. मी पट्टी लावून पाहिलं, मधोमध जवळजवळ अर्धा इंच पोट आलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्यात बाबांवर डोळे झाकून विश्वास ठेवायला आमच्याकडे कारण होतं.

तर २०२४ च्या दिवाळीचा बोनस आला आणि मी ठरवलं, आता चौकटीवर ताणलेला, कायमचा पडदा. शंभर इंची.

घरात चर्चा झालीच. बायकोचं म्हणणं, त्यापेक्षा चांगला पासष्ट इंची टीव्ही घे, दिवसाही दिसतो आणि धूळ पुसायला सोपा. तिचं चूक नव्हतं. रोजच्या बातम्या-मालिकांना टीव्हीच बरा. पण मोठ्या अवकाशपटांची गोष्टच वेगळी असते. त्यात दिग्दर्शक तुम्हाला आकाराची जाणीव करून देतो ती एका बाजूला प्रचंड काहीतरी आणि दुसऱ्या बाजूला माणूस नावाचा ठिपका ठेवून. 'इंटरस्टेलर'मध्ये शनीच्या कड्यांसमोरून ते यान जातं, तेव्हा ते पडद्यावर एक कण असतं. आमच्या जुन्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर दहा फुटांवरून तो कण दिसतच नसे. म्हणजे त्या प्रसंगात जे घडतं तेच दिसत नसे. शंभर इंची पडदा दहा फुटांवरून पाहिला तर तो नजरेचे साधारण चाळीस अंश व्यापतो. थिएटरात बऱ्यापैकी मधल्या रांगेत बसल्यासारखं. (खरं तर त्याच जुन्या टीव्हीसमोर चार-साडेचार फुटांवर खुर्ची टाकून बसलं तरी तेवढेच अंश भरतात. बायकोने हे शोधून काढलं आणि माझ्यासमोर मांडलं. मी म्हटलं, चार खुर्च्या कुठे टाकणार? विषय बदलला.)

आईचा आक्षेप वेगळा होता. "म्हणजे तो पांढरा चौकोन चोवीस तास भिंतीवर? पाहुणे काय म्हणतील?" कालनिर्णय स्वयंपाकघरात हलवलं, घड्याळ दाराच्या वर गेलं आणि प्रश्न सुटला, म्हणजे आईने बोलायचं थांबवलं.

बाबा मात्र उत्साहात होते. त्यांनी माळ्यावरचा बोर्ड खाली काढला आणि बैठकीच्या खोलीचा नकाशा केला, एकास वीस या प्रमाणात. बारा बाय सोळाची खोली, पडद्याची रुंदी सत्त्याऐंशी इंच, उंची एकोणपन्नास, प्रोजेक्टरच्या भिंगापासून पडद्यापर्यंत नऊ फूट पाच इंच, सगळं मांडलं. प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यरेषेवर हवा, म्हणजे कीस्टोन वापरावं लागत नाही. कीस्टोन म्हणजे तिरपं पडलेलं चित्र मशीनमध्येच दाबून-ताणून चौकोनी करणं, त्याने चित्राचा बारकावा जातो. बाबांना ती कल्पनाच अनैतिक वाटली. "आधी वाकडं लावायचं आणि मग सरळ असल्याचं नाटक करायचं!" त्यांनी छतावर पेन्सिलने खूण करून दिली.

तो नकाशा मी जपून ठेवलाय. त्यात 'नऊ फूट पाच इंच' हा आकडा मापाच्या रेषेवरच चढलाय. बाबांच्या हातून अक्षर रेषेवर चढणं ही गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली, आणि तरी पाहिली नाही.

महाराणी रोडवरच्या एका दुकानातून अठरा हजारांचा पडदा घेतला. लावायला दुकानाचा एक तरुण मुलगा आला. ॲल्युमिनियमची चौकट, तिला काळं मखमलीसारखं कापड, आणि पांढरं कापड चारही बाजूंनी आकड्यांनी ताणायचं, खाटेला नवार ताणतात तसं. ते ताणताना त्याचा घाम निघाला. काळी कड हौसेपुरती नसते, प्रोजेक्टरचा बाहेर सांडलेला प्रकाश ती गिळते आणि चित्राची धार चाकूने कापल्यासारखी दिसते. पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. बाबांनी मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे सुवर्णपदक.

आणि मग ती पट्टी.

जे अशा सिनेमांच्या नादी लागलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. घरातले टीव्ही आणि पडदे सोळास नऊ या प्रमाणात असतात. मोठे सिनेमे बऱ्याचदा त्याहून खूप रुंद असतात, उंचीच्या जवळजवळ दोन पूर्णांक चार पट रुंद. १९५३ मध्ये टीव्ही घराघरात शिरू लागला तेव्हा प्रेक्षकांना थिएटरात खेचून आणायला हॉलिवूडने सिनेमास्कोप आणला, तेव्हापासूनचं हे रुंदीचं प्रकरण. त्यामुळे घरी असा सिनेमा लावला की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. आमच्या पडद्यावर 'ड्यून' साडेछत्तीस इंच उंचीत बसतो, आणि वर-खाली सहा-सहा इंच काळं राहतं. पडद्याचा चौथा भाग. "पाव पैसे पाण्यात," हे आईचं भाष्य. आणि वाळवंटाचा सिनेमा असला तर खालच्या पट्टीला चिकटून लख्ख उजळ वाळू असते. काळं आणि उजळ यांच्यामधली इतकी स्वच्छ, सात फूट लांब सरळ रेघ एरवी घरात कुठे बघायला मिळत नाही.

"कुठे वाकलीय?" मी विचारलं.

"मधे. चार-सहा इंचांत. वर उचलल्यासारखी."

मी जवळ जाऊन पाहिलं, मला सरळ दिसली. पण माझ्या डोळ्यांना घरात किंमत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. मुलगा आला, सगळं पुन्हा ताणलं, पाणसळ पुन्हा लावली. "अंकल, एकदम सीधा है." बाबांनी डावा डोळा मिटला, उजव्याने पाहिलं. "नाही. आता थोडं डावीकडे आहे."

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. तेव्हा वाकडेपणा उजवीकडे होता. तो बिचारा मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "भिया, अंकल हर बार जगह बदल देते हैं."

मला राग आला. माझ्या वडिलांना तू सरळ रेघ शिकवणार? मी दुकानाला पैसे परत मागितले, त्यांनी नाही म्हटलं, मी इंटरनेटवर दुकानाला एक तारा दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या. 'निकृष्ट माल' असे शब्द होते त्यात. आता आठवलं की कान गरम होतात.

त्या मुलाच्या वाक्यात सगळं उत्तर होतं. पडद्यात दोष असता तर तो एका जागी राहिला असता. जो दोष नजर जाईल तिथे जातो तो पडद्यात कसा असेल? मी इंजिनियर आहे. दिवसभर ऑफिसात बसून प्रोग्राममधले दोष शोधणं हाच माझा धंदा आहे, आणि पहिला नियमच हा की दोष कशाबरोबर हलतो ते बघा. पण बाबांच्या बाबतीत तो नियम लावायचं मनातच आलं नाही.

तिसऱ्या खेपेला तो मुलगा आला तो रविवारी सकाळी. पोहे झाले होते, जीरावनाची डबी अजून टेबलावरच होती. बाबा आत गेले आणि आपली जुनी हत्यारपेटी घेऊन आले. त्यात त्यांचा दोरा आहे, पिळाचा, मेण लावलेला. या दोऱ्याने त्यांनी किती गवंड्यांना पकडलं असेल याची गणती नाही. "आता वाद नको," ते म्हणाले. एक टोक त्या मुलाच्या हातात दिलं, दुसरं माझ्या अकरा वर्षांच्या लेकीच्या. पडद्यावर 'ड्यून' थांबवून ठेवलेला होता, कुणीतरी एकटा वाळूच्या कड्यावर उभा. दोघांनी दोरा काळ्या पट्टीच्या कडेवर धरून ताणला. दोरा आणि कड एक झाली. मी, बायको, आई, सगळे बघत होतो. तसूभरही फरक नव्हता.

बाबा सोफ्यावर बसले होते. त्यांनी डावा डोळा मिटला.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोरा सैल आहे."

"नाही हो आजोबा, केवढा ताणलाय! बोटं दुखतायत माझी."

"दोरा वाकडा दिसतोय."

आणि ते थांबले. ताणलेला दोरा वाकडा असू शकत नाही, हे या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सरळ म्हणजे काय, याची त्यांची व्याख्याच ताणलेला दोरा ही होती. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला एकदम वाटलं की आपण इथे नसायला हवं होतं.

लेकीला काही कळलं नव्हतं. ती सहज म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याने बघा ना."

बाबांनी उजवा मिटला, डावा उघडला. मग पुन्हा डावा मिटला. मग पुन्हा उजवा. तीन-चार वेळा केलं. शेवटी त्या मुलाला म्हणाले, "ठीक है बेटा. मत उतारो." दोरा स्वतः गुंडाळला, पेटीत ठेवला आणि आत जाऊन पडून राहिले. अकरा वाजता माणूस पडून राहिला म्हणून आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाबांची गोष्ट ऐकली, हसले नाहीत, आणि एक चौकटींचा कागद समोर धरला. मधोमध एक काळा ठिपका. "एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि आजूबाजूच्या रेघा कशा दिसतात ते सांगा." ॲम्सलर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाने केलेला हा तक्ता जगभर वापरतात. बाबांच्या दृष्टीने तो साधा ग्राफ पेपर होता. त्यांनी पेन मागितलं आणि आपल्याला दिसणारं वाकडेपण त्या कागदावर अचूक काढून दाखवलं, किती चौकटी, कोणत्या बाजूला, किती उचललेलं. डॉक्टर म्हणाले, पेशंट इतकं नेमकं क्वचितच सांगतात. नंतर स्कॅन झाला तेव्हा पडद्यावर (दुसऱ्या, डॉक्टरांच्या) जो फुगवटा दिसला तो बाबांच्या चित्राशी जुळत होता.

आपल्या डोळ्यातही एक पडदा असतो, नेत्रपटल. त्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो, वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं तोच करतो. वय झालं की काहींच्या मॅक्युलाची झीज होते. त्यातला एक प्रकार 'ओला': नेत्रपटलाखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी-रक्त झिरपतं, आणि वरचा पडदा उचलला जातो. पडद्याला पोट आलं की त्यावरचं चित्र वाकतं. आमच्या चार हजाराच्या जुन्या पडद्यावर वाळवंट हलायचं त्याला कारण हेच होतं, कापडाला आलेलं पोट. डॉक्टर समजावून सांगत होते आणि बाबा मान डोलवत होते. त्यांना तो भाग आमच्या कुणाहीपेक्षा लवकर समजला.

घरी आल्यावर मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून आठवू लागल्या. दसऱ्याच्या सुमारास बाबांनी सुडोकू सोडवणं बंद केलं होतं, कारण "हल्ली छपाई भिकार झालीय, चौकटी धड येत नाहीत." सबटायटलचे इंग्रजी सिनेमे त्यांना वाचून कंटाळवाणे वाटू लागले होते, हिंदीत लाव म्हणायचे. चहा बशीत ओतताना एकदा बाहेर सांडला होता. आणि तो नकाशातला आकडा. प्रत्येक वेळी दोष छापखान्याचा होता, सिनेमाचा होता, बशीचा होता. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो, त्यामुळे माणसाला स्वतःलाही कळत नाही. बाबांना कळलं ते केवळ डावा डोळा मिटून बघायच्या त्यांच्या धंद्यातल्या सवयीमुळे.

बाबांना मात्र वेगळीच गोष्ट लागली होती. दिवाळीपूर्वी व्हरांड्यातल्या टाइल्स नव्याने बसवल्या होत्या, आणि एक अख्खी रांग त्यांनी वाकडी म्हणून गवंड्याकडून उखडून पुन्हा घालून घेतली होती. जेवताना ते एकदम म्हणाले, "ती रांग सरळच असेल." कुणी उत्तर दिलं नाही. "दिवसाची मजुरी बुडवली त्याची." आईने वाटीत आमटी वाढली. ती रांग आता उखडून गेलेली, तिची शहानिशा कशी करणार? दोन दिवस ते कुणाशी फारसे बोलले नाहीत. ज्या डोळ्याच्या जोरावर माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना दोन सूत बाहेर म्हणत आला, त्याला तो डोळाच बाहेर गेलाय हे पचवायला वेळ लागणारच. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो तर म्हणाले, "तू आधी त्या पडदेवाल्या पोराला जाऊन सांग. फोनवर नको."

मी गेलो. एक तारा आधी काढून टाकला, मग गेलो, बरोबर अर्धा किलो उसळपाकाची... नाही, खोटं कशाला सांगू, मावा बाटी घेऊन गेलो. मुलाने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. फक्त म्हणाला, "अंकल का फोन आता था तो मैं लेवल दो-दो बार देखता था, भिया. लगता था मेरी ही आँख खराब है." मग त्याने तो चौकटींचा कागद मागितला. मी फोनवर पाठवला. महिन्याभराने एका मित्राला तिथे पडदा घ्यायला नेलं तर तो मुलगा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, टेढा लगे तो पहले एक-एक आँख बंद करके देखो.

उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकायला भयंकर वाटतं, बाबांनाही वाटलं होतं. डोळा बधिर करतात, दोन-चार सेकंदांचं काम असतं, नंतर दिवसभर डोळ्यात खडा गेल्यासारखं होतं. पहिले तीन महिने दर महिन्याला एक, मग स्कॅन बघून अंतर वाढवायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पुढचं नुकसान थांबवणं हा मुख्य हेतू. अजून काही महिने गेले असते तर तिथे व्रण होऊन बसला असता आणि मग फारसं करण्यासारखं उरलं नसतं. तिसऱ्या इंजेक्शननंतर बाबा तक्त्यावर दोन ओळी खालपर्यंत वाचू लागले.

इथे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील साठीच्या आसपास असतील. शंभर इंची पडदा घ्यायची गरज नाही. बाथरूमच्या टाइल्स, दाराची चौकट, खिडकीचे गज, काहीही चालतं. वाचायचा चष्मा असेल तर तो घालून चौकटींचा कागद, आणि एका वेळी एकच डोळा. रेघ मधे वाकलेली, तुटलेली किंवा पुसलेली दिसली तर नव्या चष्म्याच्या दुकानात न जाता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि त्याच आठवड्यात जा. चष्म्याचा नंबर बदलून हे सुटत नाही. आमच्याकडे बायकोने त्याच संध्याकाळी आईला आणि फोनवरून आपल्या वडोदऱ्याच्या आईवडिलांनाही बसवलं. सगळ्यांच्या रेघा सरळ निघाल्या. आईने वर ऐकवलं, "माझ्या पोळ्या वाकड्या म्हणत होते ना, त्याही सरळच होत्या."

डॉक्टरांनी तो तक्ता फ्रिजवर लावायला दिलाय. बाबा त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. डॉक्टरांचा माणूस चौकटी नीट छापत नाही म्हणे. शेवटी लेकीनेच रोज सकाळी त्यांना फ्रिजसमोर उभं करायचं काम घेतलंय. त्यांची स्वतःची पद्धत वेगळी आहे आणि ती शनिवारी रात्री असते. दिवे घालवायचे, सिनेमा लावायचा, आणि उजळ वाळू किंवा बर्फ असलेलं पहिलं चित्र आलं की थांबवायचं. बाबा एक डोळा मिटतात, मग दुसरा. लेक त्यांच्या जुन्या फील्डबुकात तारीख घालून लिहून घेते. पहिल्या पानावर 'उजवा: ४ सूत' असं आहे. पुढे तीन, मग दोन. डॉक्टरांना पुढच्या भेटीत ते फील्डबुक दाखवलं तेव्हा त्यांनी सूत म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि आपल्या कागदांत त्याची नोंद केली.

गेल्या शनिवारी 'इंटरस्टेलर' होता. हा सिनेमा पट्ट्यांच्या बाबतीत चावट आहे, काही प्रसंगांत पट्ट्या असतात, काही प्रसंगांत चित्र एकदम अख्खा पडदा भरून टाकतं. त्यामुळे पट्टी असलेला आणि तरी खाली उजळ असलेला प्रसंग शोधायला मला जरा वेळ लागला. आई म्हणाली, राहू दे एखाद्या वेळी. बाबा म्हणाले, नाही.

सापडला. मी थांबवलं. बाबांनी उजवा डोळा मिटला.

"डावा सरळ."

लेकीने लिहिलं. त्यांनी डावा मिटला, थोडे पुढे झुकले, पुन्हा मागे टेकले.

"उजवा, एक सूत. मागच्या वेळेइतकाच. चालू कर."